तीनदा धुतलेला पंप

वांग्यावर औषध मारायचा पंप मी तीनदा धुतला, त्यात हौदातलं स्वच्छ पाणी भरलं आणि ते वैनीच्या रेशमाच्या अळ्यांवर फवारलं. चूक एवढीच. ती करायला मला जेमतेम दहा मिनिटं लागली. नंतर तास-दीड तास ती चूक दुसऱ्याच्या अंगावर जात असताना मी गप्प बसलो, ते मात्र फार मेहनतीचं काम होतं.

त्या वर्षी आमच्या वस्तीवर मेगन राहत होती. मेगन अमेरिकेची, मक्याच्या शेतकऱ्याची पोरगी. शिकायला गेली होती इंग्लंडला, आणि इंग्लंडातल्या तिच्या मास्तरीणबाईंनी तिला प्रबंधासाठी पाठवलं तीर्थपुरीजवळ आमच्याकडे. रेशीम करणाऱ्या घरात राहायचं, अळी अंड्यातून निघाल्यापासून कोश होईपर्यंतची एक अख्खी बॅच डोळ्यांनी पाहायची आणि घरातली बाई दिवसभर काय काय करते ते घड्याळ लावून लिहायचं, असं तिचं काम. आमच्या आबांना हा प्रवास काही केल्या समजला नाही. “घर अमेरिकेत, शाळा इंग्लंडात आन् जेवायला तीर्थपुरीत,” ते म्हणाले. “घरी भांडण करून आली का काय, इचार बरं तिला.” मी विचारलं नाही. मी तिला इंग्रजीत सांगितलं की वडील तुमचं मनापासून स्वागत करत आहेत. दुभाषा म्हणून माझी कारकीर्द ही अशी सुरू झाली.

दुभाषेपण मला मिळालं तेही माझ्याच हुशारीनं. जालन्याच्या कॉलेजात सरांनी वर्गात विचारलं होतं, कोणाच्या घरी रेशीम आहे? मी हात वर केला. मग विचारलं, इंग्रजी कोणाला बोलता येतं? माझा हात वरच होता, तो मी खाली घेतला नाही. खरं म्हणजे मला गाय, पोस्टमन आणि वृक्षारोपणाचे फायदे या तीनच विषयांवर अस्खलित बोलता येत होतं. मेगननं पहिल्या दिवशी आल्या आल्या संडास कुठं आहे असं विचारलं, आणि त्याचं उत्तर तिन्ही विषयांत कुठंच नव्हतं. आज मी मंठ्याच्या शाळेत पोरांना इंग्रजी शिकवतो, डोक्यावरचे केस गेले, पण निबंध पाठ करून आलेलं पोरगं मला उभ्या उभ्या ओळखू येतं.

मला धीर आला तो मेगनमुळेच. ती म्हणाली, इंग्लंडात माझ्याही इंग्रजीला हसायचे. सकाळी जिन्यात कोणी भेटलं की विचारायचं, बरी आहेस ना? ही बिचारी थांबून सांगायला लागायची, रात्री झोप आली नाही, घसा दुखतोय, आईची आठवण येते; तोवर विचारणारा खाली रस्त्यावर पोचलेला असायचा. संध्याकाळी ओसरीवर जेवताना ती अशा गोष्टी सांगायची आणि मी त्या घरच्यांना पोचवायचो. ताटात जोंधळ्याची भाकरी, येसर मसाल्याची आमटी, नाहीतर दह्याबरोबर धपाटे. मेगनला धपाटे इतके आवडले की माय तव्यावरून काढून थेट तिच्या हातावर ठेवायची. इंग्लंडात म्हणे सहा पोरं-पोरी मिळून एक स्वयंपाकघर, फ्रिजमध्ये ज्याचा त्याचा खण वेगळा, दुधाच्या बाटलीवर ज्याचं त्याचं नाव लिहून ठेवायचं, तरी कोणीतरी घोटभर पिऊन जायचंच.

“दुधावर नाव?” माय म्हणाली. “पिणाऱ्याचं का म्हशीचं?”

मी हे मेगनला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग पाणी प्यायली. म्हणाली, थंडीत तिथं दुपारी चार वाजता अंधार पडतो. पहिले तीन आठवडे मी दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईशिवाय कोणाशी बोलले नव्हते. आणि इथं मला अंघोळीलाही कोणी एकटं सोडत नाही. वैनीनं विचारलं, काय म्हणती? मी म्हणालो, तिला इथं बरं वाटतंय. या एका वेळी माझं भाषांतर बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं.

आता सुमनवैनीचं सांगायला पाहिजे, कारण शेड तिची होती. दादा टेम्पो चालवायचा. पहाटे जालन्याला गेला की दिवेलागणीला परत. तुतीचा एकर वैनीनं लावला, शेड तिच्या आग्रहानं उभी राहिली. पत्र्यावर उसाचं पाचट, आत बांबूचे दोन लांब रॅक, प्रत्येकाला चार मजले, त्यावर तुतीच्या फांद्या आणि फांद्यांवर अळ्या. अळीवर अंडी घालून तिला मारणारी एक माशी असते, उझी म्हणतात तिला. ती येऊ नये म्हणून दाराखिडक्यांना बारीक जाळी. आत जायचं तर चपला बाहेर, पाय चुन्यावरून, हात धुऊन. उदबत्ती नाही, पावडर नाही, वासाचं तेल नाही. लग्नात मिळालेली सुवासिक तेलाची बाटली वैनीनं शेजारणीला देऊन टाकली होती. आणि तंबाखूला तर बिलकुल बंदी, त्यामुळे आमच्या आबांना स्वतःच्या शेतातल्या शेडमध्ये पाय ठेवता येत नव्हता. हे त्यांना लागलं होतं. बोलत नसत, पण शेडवरून जाताना खाकरत.

त्यात दोन बॅच वाया गेल्या. पहिली उन्हानं. दुसरी बाजूच्या शेतात कपाशीवर फवारणी झाली आणि वारं आमच्याकडं वळलं, त्यानं. आबा तेव्हा एकदाच बोलले. “तिसरी करा. न्हाई साधली तर रॅक काढू आन् शेडीत सरकी भरू.” वैनी भाकरी थापत होती. तिनं मान हलवली आणि भाकरी परतली. पण त्या दिवसापासून तिचं जेवण उभ्यानंच व्हायला लागलं. मेगन आली ती याच तिसऱ्या बॅचला. म्हणजे वैनीची शेड आणि मेगनचा प्रबंध, दोन्ही त्याच अळ्यांच्या पाठीवर बसलेलं होतं.

अळी चार वेळा कात टाकते. चौथ्यांदा टाकून उठली की सात-आठ दिवस नुसती खाते, आणि मग सूत काढायला बसते. त्या खाण्याला आवाज असतो. एका अळीचा येत नाही. पण हजारो अळ्या एकदम पानं कुरतडायला लागल्या की दारातूनच ऐकू येतं, जसं गोठ्यात आठ-दहा बैल अंधारात कडबा चावत बसलेत. मेगननं हा आवाज तिच्या फोनमध्ये भरून घेतला होता. वैनीला तो ऐकल्याशिवाय झोप यायची नाही.

होळी होऊन गेली होती आणि ऊन चढलं होतं. शेड थंड राहावी म्हणून रॅकच्या भोवती गोणपाटं टांगलेली होती, आणि दर तासाला तांब्यानं त्यावर पाणी मारायचं. दुपारचं पाणी माझ्याकडं. त्या दिवशी वैनी तुतीच्या फांद्या कापायला गेली होती, आबा तीर्थपुरीच्या बाजाराला, माय शेंगा फोडत बसलेली. मी तांब्या घेऊन एक-एक गोणपाट भिजवत होतो आणि मेगन दारात बसून वहीत लिहीत होती. बोलता बोलता ती म्हणाली, अमेरिकेत आमच्याकडं मोठ्या दुकानात भाजीवर आपोआप बारीक पाणी पडतं. आधी ढग गडगडल्याचा आवाज करतात आणि मग तुषार. लहानपणी मी कोथिंबिरीशेजारी तोंड धरून उभी राहायचे. इंग्लंडला गेले तर तिथं काकडीसुद्धा एकेक करून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. दुकानात उभी राहून मला रडू आलं होतं.

आता यात कौतुकानं ऐकून घेण्यापलीकडं माझ्यासाठी काहीच काम नव्हतं. पण मला वाटलं, तांब्यानं पाणी मारणारा हा गडी तिला किती मागास वाटत असेल. शिवाय तिचं रडू. मी तांब्या ठेवला आणि गोठ्यामागून पाठीवरचा निळा पंप आणला. आठवड्यापूर्वी त्याच पंपानं वांग्यावर औषध मारलं होतं, हे मला माहीत होतं. म्हणून तर धुतला. एकदा नुसत्या पाण्यानं, एकदा राखेनं, एकदा कपड्याच्या साबणानं. शेवटी नाक लावून वास घेतला. साबणाचाच आला. मग पंप पाठीवर घातला, दांडा हापसला आणि सगळी गोणपाटं भिजवली. तेवढ्यानं भागेना म्हणून रॅकच्या वरही तुषार सोडला. तोंडानं ढगाचा गडगडाट केला. मेगननं टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात, विशेषतः मी काही नवीन करायला निघालो की.

चारच्या सुमाराला वैनी फांद्यांचा भारा घेऊन आली. पाय धुतले, हात धुतले, जाळीचं दार सारलं आणि उंबऱ्यातच थांबली. मी बाहेर बाजेवर पडलो होतो.

“भाऊजी,” ती म्हणाली, “आवाज काऊन येऊन न्हाई राह्यला?”

मी उठून गेलो. शेड गप्प होती. उरलेला पाला तसाच पडलेला, अळ्या फांद्यांवरून इकडंतिकडं भरकटत होत्या. कितीतरी अळ्यांनी डोकं वर उचललं होतं आणि त्या हळूहळू डोलत होत्या, आणि काहींच्या तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. वैनी एकेका मजल्यापाशी वाकून बघत गेली. टोकाला पोचल्यावर तिनं मागं वळून विचारलं, “शेडीत कोण आल्तं?”

“मी आन् मेगन. दुसरं कोणीच न्हाई.”

“कुठं फवारणी चालू हाय का?”

“न्हाई.”

वैनी बाहेर आली. मेगन ओसरीवर होती, तिच्याजवळ गेली, तिचा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला. “काल हिनं डासायचं मलम लावल्तं,” ती म्हणाली. “म्या बघितलं होतं. इचारा तिला.”

खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला मनापासून वाटलं की मलमच असणार. दुसऱ्या क्षणी पंप आठवला. तिसऱ्या क्षणी मी मलमाच्या बाजूचा झालो. मी मेगनला विचारलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. हो, काल संध्याकाळी लावलं होतं, पण सकाळी साबणानं दोनदा धुतले हात. मी वैनीला सांगितलं, दोनदा धुतलं म्हणते.

“धुतल्यानं काय होतंय?” वैनी म्हणाली. “धुऊन जात असतं तर मंग काय पायजे होतं.”

हे वाक्य मी मेगनला सांगितलं नाही. ते मला एकट्यालाच पुरेसं होतं.

एवढ्यात आबा बाजारातून आले. त्यांनी बाहेरूनच जाळीतून डोकावून पाहिलं, आणि मला वाटलं आता ते ‘मी म्हणलंच होतं’ असं म्हणणार. ते म्हणाले नाहीत. पिशवी खाली ठेवली आणि हळू आवाजात मला सांगितलं, “उद्या सकाळच्या गाडीनं हिला जालन्याला पोचती कर. पाव्हणी हाय, वाकडं बोलायचं न्हाई. पर शेडीत पाय न्हाई पायजे आता तिचा. आन् सुमन, रॅकचं मंग बघू आपुन.”

रॅकचं मग बघू, याचा अर्थ वैनीला कळला आणि मलाही. तिनं पदर कमरेला खोचला आणि आत गेली. मेगननं मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हणालो, तुम्ही दमला असाल, जालन्याला जाऊन चार दिवस विश्रांती घ्या म्हणतात. ती माझ्याकडं नुसती पाहत राहिली. मग म्हणाली, वैनींना सांग, मला माफ करा. आणि विचार, मी काय करू?

मी जाळीतून विचारलं. वैनीनं मान वर न करता उत्तर दिलं, “म्हणावं, बाजूला सरक.”

मी मेगनला सांगितलं, वैनी म्हणतात, काळजी करू नका, असं कधीकधी होतंच.

“ती तीन शब्द बोलली,” मेगन म्हणाली. “तू केवढं सांगितलंस.” त्यानंतर तिनं माझ्याकडं पाहणं सोडलं आणि वैनीच्या तोंडाकडं पाहायला लागली.

त्या दुपारचं सगळ्यात वाईट अजून सांगायचं आहे. वैनीनं बाधलेल्या अळ्या वेचून सुपात टाकल्या, नवा पाला घातला. अळ्यांनी पाल्याला तोंड लावलं नाही. आत उकडत होतं. तिला वाटलं, गारवा तरी असू द्यावा. “भाऊजी, गोणपाटं सुकली,” ती म्हणाली. “जल्दी पाणी मारा.” विष त्या गोणपाटातच मुरलेलं होतं, आणि पाणी मारलं की त्याची वाफ पुन्हा अळ्यांवर जाणार, हे त्या घरात त्या वेळी एकट्या मला माहीत होतं. ‘नको’ म्हणालो असतो तर ‘का’ विचारलं असतं. मी तांब्या घेतला आणि पाणी मारलं. सगळ्या गोणपाटांवर, नेहमीपेक्षा नीट. पुढं आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, त्यातल्या बहुतेक सांगताना मला हसू येतं. या तांब्याचं येत नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मेगन उठली आणि वही घेऊन शेडच्या दाराशी आली. आत गेली नाही. बाहेर चुन्याच्या रेघेवर बसली आणि मला म्हणाली, मी सगळं लिहिलंय. सकाळपासून या अळ्यांना कोणाचा हात लागला, काय लागलं, सगळं वेळेसकट. माझं मलम असेल तर तसं कळेल. पण मलम मी सकाळीच धुतलं आणि दुपारपर्यंत त्या खात होत्या, आवाज चालू होता, तेही लिहिलंय. तू वाच, वैनींना सांग. आपण शोधू.

वैनी बाहेर आली आणि तिच्यासमोर बसली. माय शेंगा सोडून आली. आबा बाजेवर होते. मेगननं वही माझ्या हातात दिली नाही. आपल्याच मांडीवर उघडून धरली आणि प्रत्येक ओळीखाली बोट ठेवत गेली. मी मराठीत सांगत गेलो. सहा वाजता वैनीनं फांद्या घातल्या. सात वाजता खालची घाण काढली, चुना टाकला. साडेनऊला मुंग्या दिसल्या, रॅकच्या पायाखालच्या वाट्यांत पाणी भरलं. अकराला पुन्हा फांद्या. बाराला वैनी तुतीकडं गेल्या. आवाज मोठा होता. बोट पुढं सरकलं. खाली लिहिलं होतं: पाऊण वाजता दिगंबरनं निळ्या पंपानं पाणी फवारलं, फार मजा आली.

त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की माझं इंग्रजी वाचन चांगलं आहे. एका नजरेत पूर्ण ओळ. मी म्हणालो, “दोन वाजता... अळ्या जरा हळू खाऊन राह्यल्या असं वाटलं.”

मेगनचं बोट हललं नाही. ते पाऊण वाजताखालीच होतं.

“एक राहिली,” ती म्हणाली.

“ती पाण्याचीच होती,” मी म्हणालो. “रोजचं.”

ती माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. तिनं वैनीकडं पाहिलं, ओळीवर बोट दोनदा आपटलं, माझ्याकडं हात केला आणि गोठ्याच्या भिंतीकडं हात केला. आणि एकच शब्द म्हणाली, “पंप.”

दोन्ही भाषांत मिळून दुभाषा नको असलेले शब्द किती असतील? मोजके. त्यातला हा एक. वैनी गोठ्याकडं बघायला लागली. निळा पंप भिंतीला टेकून उभा होता, धुऊन लखलखीत.

“वांग्याचा?” वैनीनं विचारलं.

“तीनदा धुतला वैनी. राखेनं, साबणानं...”

“गोणपाटावर मारलं?”

“हां.”

“रॅकवर?”

“थोडं.”

“आन् आत्ता म्या परत पाणी मारायला लावलं तवा?”

मी तांब्याकडं बघितलं. मला वाटलं ती आता ओरडेल, आणि ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ती उठली होती. “मामा, ती गोणपाटं काढा आधी, बांधावर न्या,” ती आबांना म्हणाली. “आत्याबाई, तुमची धुतलेली लुगडी आणा, हायेत तेवढी. ओसरीवर अंथरा. सगळ्या जाळ्या उघडा, आत वारं खेळू द्या.” मग मेगनच्या मनगटाला धरून तिला हौदाकडं नेलं, स्वतः तिचे हात कोपरापर्यंत चोळून धुतले, आणि ओढत शेडमध्ये घेऊन गेली.

पुढचा तासभर आमच्या घरात नुसते हातच चालत होते. ओसरीवर मायची लुगडी पसरली: हिरवं, जांभळं, लग्नकार्यातलं एक ठेवणीतलंसुद्धा. वैनी आणि मेगन अळ्या हातानं उचलून सुपात घेत आणि ओसरीवर आणून पसरत. आबांनी तोंडातला तंबाखू थुंकला, चूळ भरली, चुन्यानं हात घासले आणि दाराशी येऊन उभे राहिले. वैनीनं एकदा त्यांच्याकडं पाहिलं. “तुम्ही सूप धरा नुसतं, मामा. अळीला हात लावू नका.” आणि आबांनी सूप धरलं. स्वतःच्या शेतातल्या शेडमध्ये त्यांचं पहिलं पाऊल पडलं ते असं, सुनेच्या हाताखाली. मला पाला आणायला पाठवलं होतं, तोही पार विहिरीपलीकडचा, जिथं पंपाचा थेंबही गेला नसेल. पळताना मी रडत होतो असं माय सांगते. मला तो घाम वाटला होता.

मग पाला घातला आणि बसलो. मावळतीचं ऊन ओसरीच्या कडेला आलं होतं. लुगड्यांवर अळ्या निपचित. त्यांच्याकडं बघत पाच माणसं उकिडवी, कोणी हलेना. कितीतरी वेळ गेला. दादाचा टेम्पो वळणावर वाजला तेव्हा मायनं हात वर करून त्याला तिथंच थांबवलं. आणि मग मेगननं डोळे मिटले आणि कान पुढं केला. मला काही ऐकू येत नव्हतं. वैनीनं वाकून पाहिलं. ठेवणीतल्या लुगड्याच्या काठाशी एक अळी पानाची कड धरून खात होती. मग तिच्याशेजारची. मेगननं वैनीचा हात धरला होता आणि वैनीनं तो सोडवून घेतला नाही.

सगळ्या काही वाचल्या नाहीत. एका रॅकचे वरचे दोन मजले गेले, ते मी स्वतः खड्डा खणून पुरले. बाकीच्यांनी चार दिवसांनी सूत काढलं. कोश तोडले त्या दिवशी आबा शेडच्या दारात आले, तंबाखूची डबी बाहेर दगडावर ठेवली आणि आत जाऊन एक कोश कानाशी हलवून पाहिला. सरकीचा विषय त्यानंतर निघाला नाही. आमच्या गावात आज रेशमाच्या पुष्कळ शेडी आहेत, आणि पहिल्यांदा करणारी बाई अजून वैनीला विचारायला येते.

माझी दुभाषेपणाची नोकरी मात्र त्याच दिवशी गेली. मेगन राहिली तोवर तिचं आणि वैनीचं बोलणं हातांनी, बोटांनी, पाल्याच्या काड्यांनी जमिनीवर काढून चालायचं, आणि मी जवळ गेलो की दोघी थांबायच्या. जाताना मेगननं मला मिठी मारली, पण आधी वैनीला मारली, आणि ती बरीच लांबली.

पुढं वर्षभरानं इंग्लंडहून एक जाड पाकीट आलं. मेगनचा प्रबंध, सुंदर बांधणी केलेला. वैनी तुतीची पानं निवडत बसली होती. म्हणाली, आपलं काय लिव्हलंय ते वाचा. मी पानं चाळून शेडचं प्रकरण काढलं आणि या वेळी एकही ओळ गाळली नाही. अळीला घातक असलेल्या गोष्टींची त्यात यादी होती. मी वाचत गेलो: मुंग्या, पाली, उझी माशी, शेजारच्या शेतातली फवारणी. शेवटी होतं, धाकटा दीर.

तेही वाचलं. आबा बाजेवर हसायला लागले. वैनी हसली नाही. हातातली काडी बाजूला ठेवून ती म्हणाली, “माशीला जाळी लावता येती, भाऊजी. तुम्हाला कोणती लावावी ते लिव्हलंय का तिनं?”